खिडकीतून शिकलेली तलवार

२ मार्च

प्रिय आत्या,

हे पत्र रागाच्या भरात लिहितोय. अक्षर लागलं नाही तर सोडून दे, राग तेवढा नीट वाच.

मी तलवार शिकायला गेलो होतो आणि मला दारातूनच परत पाठवलं. हसतेस ना? माहीत होतं. पण आधी ऐक. मी ज्या हॉटेलात भांडी घासतो त्याच्या समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, तलवारीचा वर्ग चालतो. आमचं स्वयंपाकघरही दुसऱ्या मजल्यावर. गिऱ्हाईक खाली आणि चूल वर, त्यामुळे ताटं दोरीच्या पाळण्यातून वरखाली जातात. परवा त्या पाळण्यात सूप उलटलं आणि खाली वेटर मान वर करून बघत होता, त्याच्या नेमकं— असो. तर माझ्या नळासमोर खिडकी, आणि खिडकीतून तिरकी दिसते ती त्या वर्गाची खिडकी. हात साबणात आणि डोळे तिकडे, असं माझं चाललेलं असतं.

एकदा तिकडे एक बाई दिसल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या. हातात तलवार धरून नुसत्या उभ्या. माझं एक मोठं पातेलं घासून झालं तरी त्या उभ्याच. हलल्या नाहीत, कंटाळल्या नाहीत. आत्या, मला आजवर कुणाचा एवढा हेवा वाटला नव्हता. मला दात घासतानासुद्धा घरभर फिरायला लागतं, तुला माहीतच आहे. मी ठरवलं, हे शिकायचं.

रस्ता ओलांडला, जिना चढलो, दार वाजवलं. दार बोटभर उघडलं. त्याच बाई.

“काय हवंय?”

“तलवार शिकायचीय.”

“आधी काही केलंयस?”

“नाही.”

“मग तयारी करून ये. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी नवीन लोक घेते.”

“कसली तयारी?”

“ती तुझी तू करायची,” म्हणाल्या, आणि दार बंद!

आता तूच सांग. बरे होऊन या, मग औषध देतो, असं कुठला डॉक्टर म्हणतो का? मला काही येत नाही म्हणूनच तर मी गेलो ना? येत असतं तर मीच वर्ग काढला नसता का?

पण आता मी हट्टाला पेटलोय. फरशी पुसायचा दांडा माझ्या खोलीवर आणलाय. खिडकीतून बघायचं आणि खोलीत करायचं. मे महिन्यातल्या त्या सोमवारी बाईंच्या तोंडावर सगळं करून दाखवणार. बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
भोवऱ्या

९ मार्च

चि. भोवऱ्या,

पत्र मिळालं. राग नीट वाचला. माझाही वाच.

बासरी आणलीस, तिच्यात झुरळ झालं. घड्याळं दुरुस्त करायला शिकतो म्हणालास, घरातली सगळी उघडून ठेवलीस, स्वयंपाकघरातलं अजून उघडंच आहे आणि वेळ विचारायला मला शेजारी जावं लागतं. मग फोटो. मग ते मधमाश्यांचं. मधमाश्या कुठे गेल्या ते तू अजूनही सांगितलेलं नाहीस. आता तलवार. कुणाला मारायचंय? आणि हॉटेलचा दांडा खोलीवर नेलास तर हॉटेलात फरशी कशाने पुसतात?

दादाला काही सांगितलेलं नाही. सांगायला तो मोकळा कुठे असतो म्हणा. लाँड्रीत नवीन मशीन घेतोय, इस्त्रीचं. गिऱ्हाईक उभं होतं, आणि त्याच्यासमोर हा म्हणतो, “हिचा हात गेला आता. मशीन घ्यावंच लागणार.”

हात गेला! मी जसा काही तो कुठे बाकावर विसरून आले. उजवा खांदा छातीच्या वर येत नाही, हे खरं आहे. शर्ट दोरीवर टाकायचा तर मला स्टुलावर चढावं लागतं, तेही खरं. पण गेला म्हणजे कुठे गेला? तू जन्मायच्या आधीपासून तो हात त्याच्याच दुकानाच्या कॉलरींवर फिरतोय. तिथेच गेला. त्याच्या गल्ल्यामागे मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आहे, माझं नाव फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडी, “ताईंकडेच द्या हा शर्ट” एवढ्यापुरतं. आणि मशीन आलं की मी म्हणे घरात बसायचं, आराम करायचा. मी आराम मागितला होता का?

जाऊ दे. तुझं सांग. उभं कसं राहतात तिथे? पाय कसे, हात कुठे, सगळं नीट लिही. म्हणजे तू खरंच बघतोयस की थापा मारतोयस, ते मला कळेल.

आत्या

२० मार्च

प्रिय आत्या,

झुरळ बासरीत आधीपासून होतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही.

आणि बाबा असं बोलले? गिऱ्हाइकासमोर? तू काहीच बोलली नाहीस? मी असतो तर गरम इस्त्री तिथेच काउंटरवर ठेवली असती, कायमचा डाग राहू दे म्हणून. तू मात्र गप्प बसून त्यांचेच शर्ट केले असणार. मला तुझाही राग येतो कधीकधी.

थापा मारत नाही, हे घे. पाय: एक पाऊल समोरच्याकडे, दुसरं त्याला आडवं, मागे, थोडं अंतर ठेवून. गुडघे वाकवायचे. किती, तर बसायला खुर्ची नाही हे उशिरा लक्षात आल्यासारखे. पाठ सरळ. मोकळा हात मागे, कमरेवर. तलवारीचा हात पुढे, कोपर अंगाजवळ, टोक समोरच्याच्या गळ्याकडे.

आणि यातली खरी गंमत ऐक. तलवार डाव्या हातात धरतात. आधी वाटलं, बाई डावखुऱ्या असतील. पण नाही, सगळेच! पुढे येतो तो पायही डावाच. मी खूप विचार केला आणि मला पटलं. हृदय डावीकडे. ज्या बाजूला जीव त्याच बाजूला हत्यार. साधी गोष्ट आहे, पण कुणाला सुचते का? ही जुनी, परदेशातली पद्धत असणार, कारण मागे भिंतीवर मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय तेही भलत्याच लिपीत आहे. एक अक्षर लागत नाही.

मला डाव्या हाताने चमचासुद्धा धरता येत नाही. दांड्याने खोलीतला दिवा फोडला. मालकीणबाई वर आल्या, म्हणाल्या, “आत कोण कोण आहे?” मी म्हटलं, मी एकटाच. त्यांनी कपाट उघडून बघितलं! एकटा माणूस घरात आवाज करूच शकत नाही का?

आमचा आचारी म्हणतो, तलवार शिकून काय करणार, कांदे कापणार? त्याच्या कांद्याबद्दल मी पुढच्या पत्रात लिहीन, ते प्रकरण मोठं आहे.

भोवऱ्या

२८ मार्च

चि. भोवऱ्या,

“थोडं अंतर ठेवून.” थोडं म्हणजे काय? तुझं थोडं, माझं थोडं आणि दादाचं थोडं यांत किती फरक आहे ते तुला जेवणाच्या टेबलावर कधी कळलं नाही का? हे असं अर्धवट लिहायचं आणि वर म्हणायचं, थापा मारत नाही.

मागच्या पायाची टाच टेकलेली असते की उचललेली? पुढे सरकताना आधी कुठला पाय? दोन्ही एकदम उचलले तर माणूस पडेल. मूठ आवळून धरायची की सैल? इस्त्री आवळून धरली तर मनगट जातं आणि सैल धरली तर कपडा जळतो. तलवारीचं काय? आणि डाव्याच हातात, हे नक्की ना? सगळे? नीट बघ परत. हे खरं असेल तर ती पद्धत काढणारा माणूस शहाणा होता. उजव्या हाताला जगात दुसरी कामं पुष्कळ असतात.

मांड्या फार दुखतात का? म्हणजे, तुझ्या.

मशीन आलं. माझं टेबल जिथे होतं तिथेच ठेवलं, खिडकीजवळ. टेबल आता अंगणात आहे आणि त्यावर मांजर झोपतं. दादाने एक मुलगी ठेवलीय मशीनवर. चांगली आहे बिचारी. मला विचारायला येते तर दादा तिला म्हणतो, “ताईंना त्रास देऊ नकोस, त्यांनी खूप केलंय.” खूप केलंय! निरोपाच्या भाषणासारखं. मी समोर उभी आहे आणि हा माझ्याबद्दल असं बोलतो.

उत्तर लवकर लिही. कांद्याचं प्रकरण नको. पायांचं लिही.

आत्या

६ एप्रिल

आत्या,

एक सरळ विचारतो. हे तुला बाबांनी लिहायला बसवलंय ना?

तुझी मागची दोन पत्रं मी समोरासमोर ठेवून वाचली. टाच टेकलेली की उचललेली, मूठ आवळलेली की सैल. तुला कशाला हवंय हे? तू आयुष्यात कधी मला असे प्रश्न विचारले नाहीस. बासरीचं एक भोकसुद्धा विचारलं नव्हतंस. हे उलटतपासणीचे प्रश्न आहेत. पोरगं खरंच काही करतंय की नुसतं भटकतंय, हे बाबांना स्वतः विचारायची हिंमत नाही, म्हणून तुला पुढे केलं. आणि तू झालीस पुढे! मला वाटायचं, त्या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

सांग त्यांना. टाच टेकलेली असते. आधी पुढचा पाय सरकतो, मागचा त्याच्यामागून येतो, आणि दोघांमधलं अंतर बदलत नाही. अंतर स्वतःच्या पावलाच्या दीडपट. मूठ कोवळ्या काकडीसारखी धरायची, निसटू नये आणि मोडूही नये. डावा हात. नक्की. सगळे. मी रोज बघतो. मांड्या दुखतात, जिना उतरताना मी कठड्याला धरून उतरतो. हेही सांग, म्हणजे त्यांना बरं वाटेल.

मी अजून सोडलेलं नाही, असंही सांग. यापुढे तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं की नाही, याचा विचार करतोय.

१५ एप्रिल

भोवऱ्या,

शेवटी नाव लिहायचं विसरलास की मुद्दाम लिहिलं नाहीस?

हेर! मी! ज्या माणसाने माझं टेबल मांजराला दिलं, त्याच्यासाठी मी हेरगिरी करणार? तुझं पत्र वाचून मी इतकी संतापले की हातातली काठी अंगणात फेकली आणि ती शेजाऱ्यांकडे गेली. मग मागायला जावं लागलं.

कुठली काठी, ते आता ऐक. ओल्या कपड्यांची दोरी वर उचलायला आमच्याकडे लांब काठी असते, ती तू लहानपणी घोडा म्हणून पळवायचास. ती मी डाव्या हातात धरते. मागच्या अंगणात चादरी वाळत घातल्या की दोन रांगांमध्ये बोळ तयार होतो. घरातून दिसत नाही, रस्त्यावरून दिसत नाही. तिथे मी पायांचं करते. दुपारी दादा झोपला की. चादर वाऱ्याने पुढे आली की मागे सरकायचं, मागे गेली की पुढे. ती कधी फसवते, मध्येच थांबते. एकदा आमची टक्कर झाली आणि गिऱ्हाइकाच्या चादरीला काठीचं टोक लागलं, ती परत धुवावी लागली.

आधी मी उजव्या हाताने करून बघितलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच. काठी छातीपर्यंत आली आणि थांबली. वाटलं, दादा म्हणतो ते खरं आहे, संपलं. मग तू डाव्या हाताचं लिहिलंस. भोवऱ्या, डाव्या हाताला आजवर कुणी कामच दिलं नव्हतं. तो नुसता कापड ताणून धरायचा. त्याचा खांदा वर जातो! थेट वर, कानाच्याही वर. मी चादरीआड उभी राहून नुसता वरखाली करत होते, वेड्यासारखी.

म्हणून विचारत होते. हसायचं असेल तर हस. पण हेर म्हणालास ते मी विसरणार नाही. ते मागे घे.

आत्या

२१ एप्रिल

आत्या,

मागे घेतलं. शंभर वेळा मागे घेतलं. पण मला सांगितलं का नाहीस? मला राग याचाच येतोय. मी इथे रस्त्यात उड्या मारायच्या बाकी ठेवल्या. आचाऱ्याला तुझं पत्र वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “तुझ्यापेक्षा तुझी आत्याच जास्त शिकली की.” त्याला कुणी विचारलं होतं?

आता नीट सगळं देतो. झेप. पुढचा पाय लांब टाकायचा, पण हात आधी सुटला पाहिजे, पाय त्याच्यामागून. पाय आधी गेला तर समोरच्याला कळतं. मागचा पाय सरळ होतो आणि मोकळा हात खाली येतो, तराजूच्या पारड्यासारखा. मग परत जागेवर. बाई सगळ्यांना परत येण्यावर जास्त ओरडतात. आवाज ऐकू येत नाही, पण त्यांचा हात सारखा मागे दाखवत असतो. गुडघा पंजाच्या पुढे जाऊ देऊ नकोस, माझा गेला आणि आता जिन्यावर टकटक वाजतो.

तूही ये ना मे महिन्यात. नाही, आधी मी जातो, बघतो कसं आहे, मग तुला बोलावतो. माझा डावा हात आता इतका तयार झालाय की मी ताटंसुद्धा त्याच हाताने घासतो. दोनच फुटली.

त्या सोमवारनंतर सगळं कळवतो.

तुझाच,
भोवऱ्या

६ मे

आत्या,

सगळं संपलं. तूही काठी ठेवून दे.

वर गेलो. आत पाऊल टाकलं आणि समोर मी. दुसरा मी, दांडा घेऊन माझ्याकडे येणारा. आरसा, आत्या! भिंतभर आरसा! माझ्या नळावरून वर्ग कधी दिसतच नव्हता. वर्ग चालतो खिडकीआडच्या कोपऱ्यात, मला दिसत होता तो समोरचा आरसा. मी दोन महिने आरशात बघून शिकलो. तिथे सगळे उजव्या हाताने तलवार धरतात. सगळे. बाईसुद्धा. जगातली कुठलीही बाई धरते तशी. आणि ती परकी लिपी म्हणजे आपलंच “वर्गात बोलू नये”. उलटं.

बाकीचे नवीन लोक एका बाजूला रांगेत उभे आणि मी एकटा डाव्या हाताचा. बाईंनी विचारलं, “हे कुठे शिकलास?”

मी म्हटलं, “तुमच्याकडेच.”

सगळे हसले. वर्गात बोलू नये, पण हसायला चालतं! मी खिडकीकडे बोट दाखवलं. बाई खिडकीशी गेल्या, खाली-वर बघितलं, आमच्या आचाऱ्याने तिकडून त्यांना हातसुद्धा केला. मग म्हणाल्या, “तू डावखुरा आहेस?” नाही म्हटलं. “मग हे सगळं विसरून ये. पुढच्या तुकडीला. उजव्या हाताने.”

विसरून ये! तयारी करून ये म्हणाल्या होत्या ना? केली ना? कशी करायची ते सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का? दार बोटभर उघडतात आणि मग माणूस खिडकीतून शिकला तर त्याला हसतात! मी दांडा तिथेच टाकून आलो. (नंतर आणायला गेलो. हॉटेलचा होता.)

मी इथून जातोय. बंदरावर एक माणूस बोटी रंगवतो, त्याला हाताखाली कुणीतरी हवंय. निळ्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मला माहीतच नव्हतं. वीस तारखेला निघतो. पत्ता खाली दिलाय.

तुला मी सगळं उलटं शिकवलं. तुझ्या त्या चादरींमध्ये तू सगळं उलटं केलंस. याचीच सगळ्यात जास्त लाज वाटतेय. माफ कर.

भोवऱ्या

१० मे

भोवऱ्या,

उलटं कुणासाठी?

तुझ्यासाठी असेल. तुला दोन धड खांदे आहेत, तू विसरून जा आणि बोटी रंगव. मला एक आहे. तो कुठल्या बाजूला आहे, हे त्या बाईंनी मला विचारलेलं नाही, मशीन घेताना दादाने विचारलं नाही, आणि आता तूही न विचारता म्हणतोस, काठी ठेवून दे. माझी काठी मी का ठेवू? आरशात बघून शिकलास तर आरशात काय खोटं दिसतं का? माझे पाय पुढे जातात आणि परत जागेवर येतात. आधी येत नव्हते, आता येतात. यात उलटं काय आहे?

दादाने काल जेवताना सांगितलं की मागची खोली माझ्यासाठी रंगवून घेतोय. खिडकी नसलेली. “तिथे तुला शांत वाटेल,” म्हणाला. मी म्हटलं, मी शांत नाहीये. तो डाळ वाढून घेत होता, त्याने ऐकलं नाही.

तुझ्या तिकडच्या खोलीची किल्ली आचाऱ्याकडे ठेव. मालकीणबाईंना सांग की आत्या येतेय, एकटीच. कपाट उघडून बघायला हरकत नाही.

आत्या

७ जून

चि. भोवऱ्या,

बोटी कशा आहेत? उत्तर नंतर दे, आधी माझं ऐक.

इथे पोचले त्या पहिल्याच दिवशी वर गेले. दार बोटभर उघडलं. बाई म्हणाल्या, प्रवेश संपले, पुढच्या तुकडीला या, तयारी करून या. मी म्हटलं, माझी झालीय, तुमची झाली नसेल तर थांबते. आणि जिन्यात बसले. वर्गाला येणारे लोक मला ओलांडून वर जात होते, प्रत्येकजण आधी “माफ करा” म्हणायचा. शेवटी बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दाखवा काय ते.”

दाखवलं. कुणी हसलं नाही. तू तुझ्या पत्रात बाईंना फार ठेंगणं केलं आहेस, त्या माझ्याएवढ्या आहेत.

“डावखुऱ्या आहात?”

“नाही.”

“मग उजव्या हातात घ्या.”

मी घेतली. छातीपर्यंत आणली. “इथपर्यंत येतो,” म्हटलं. “पुढचा माझ्या भावाच्या दुकानात राहिला.”

बाई जवळ आल्या, खांद्याला हात लावून बघितला, कोपर धरून वर नेऊन बघितलं. तोंड वाकडं झालं माझं. मग जरा अडखळून म्हणाल्या, “मी डाव्या हाताला कधी शिकवलेलं नाही. मला येत नाही.”

भोवऱ्या, माझा संताप इतका अनावर झाला की तोंडून निघून गेलं, “मग तयारी करून या!”

वर्गात सगळे जागच्या जागी थांबले. बाईंनी चष्मा काढून पुसला. नंतर म्हणाल्या, “उद्या या.” आणि दुसऱ्या दिवशी त्या खरंच तयारी करून आल्या होत्या, डाव्या हाताला पट्टी बांधून. बाकीच्यांना त्या पुढे उभ्या राहून, त्यांच्याकडे पाठ करून शिकवतात. माझ्यासमोर तोंड करून उभ्या राहतात. त्यांचा उजवा, माझा डावा. मी त्यांना विचारलं, तयारी म्हणजे काय ते लोकांना सांगत का नाही? म्हणाल्या, “सांगितलं तर सगळे तेवढंच करून येतात.” तरी मला पटलेलं नाही. तुझ्यावर अन्यायच झाला, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. सारखं सांगत असते.

तुझ्या जागी हॉटेलात मीच लागले. आचारी चांगला आहे, पण त्याच्या कांद्याचं तू लिहायचा राहिलास ते बरंच झालं, मी आता स्वतः बघते आहे.

परवा वर्ग चालू असताना दार वाजलं. दादा. धापा टाकत जिना चढून आलेला, हातात एक शर्ट. तिथूनच मोठ्याने म्हणाला, “हे बघ काय झालंय कॉलरीचं! पोरगी रडते, गिऱ्हाइकं परत जातात. चल घरी.”

बाई म्हणाल्या, “वर्ग चालू आहे. बाहेर थांबा.”

“मी हिचा मोठा भाऊ आहे.”

“असाल. बाहेर थांबा.”

आणि दार लावलं. मी पायांचं करत राहिले. सगळं चुकत होतं, मागचा पाय आधी जात होता. बाई ओरडल्या. चांगल्या ओरडल्या. वर्ग सुटला तेव्हा तो जिन्यात तसाच उभा होता, शर्ट हातावर घेऊन. मी म्हटलं, बस ना पायरीवर. तो बसला नाही.

“आलीस त्याला इतके दिवस झाले,” म्हणाला. “काय येतं तुला इथलं?”

“काही नाही. पाय कुठे ठेवायचा, त्यावरच ओरडा खाते.”

“तिथे तुला सगळं येतं. डोळे मिटून येतं. सगळे तुझं नाव घेतात.”

“आता घेतात?”

त्याने हातावरचा शर्ट सारखा केला. मग माझ्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, “खोलीला खिडकी पाडून देतो.”

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण हे त्याला आत्ता सुचलं. मी त्याच्या हातातला शर्ट घेतला, नीट घडी घातली, परत दिला.

“दादा,” म्हटलं, “तिथे माझा हात गेलेला आहे. इथे मी नवीन आहे.”

आत्या